सतरा स्विचवर व्हीलॅन आपोआप पोहोचवायचे, पण कुणाच्या शब्दावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तीन मजल्यांवर अकरा स्विच (संगणकांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेट्या), रबाळ्याच्या कारखान्यात आणखी सहा, आणि दोन्हींच्या मध्ये भाड्याने घेतलेली लेअर-२ लिंक, म्हणजे दोन्ही जागा एकाच नेटवर्कसारख्या जोडणारी. सगळे स्विच सिस्कोचे. काही नवे, काही दहा-बारा वर्षं चाललेले २९६० मॉडेलचे. एकूण व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली आभासी नेटवर्कं, चौदा. नवा व्हीलॅन बनवायचा झाला की सतराही स्विचवर लॉगिन करून त्याच दोन ओळी टाकायच्या, आणि एखादा स्विच हमखास राहून जातो. स्विच पुरवणाऱ्या इंजिनिअरने सुचवलं, "व्हीटीपी लावा, एका ठिकाणी व्हीलॅन बनवला की सगळीकडे जाईल." तुमच्या आधी हे नेटवर्क सांभाळणारे गृहस्थ मात्र नोकरी सोडताना बजावून गेले की व्हीटीपीला हात लावू नका. आता कुणाचं ऐकायचं?

तुमच्या नेटवर्कसाठी मी आधीच्या गृहस्थांच्या बाजूने आहे. पण त्यांनी कारण सांगितलं नाही, आणि तेच खटकतं. कारण माहीत नसलेला नियम दोन वर्षांत कुणीतरी मोडतंच. म्हणून आधी व्हीटीपी नेमकं काय करतं ते सांगते, मग माझ्यावर आलेला एक प्रसंग, आणि मग तुमच्या सतरा स्विचचं काय करायचं ते.

पहिला गैरसमज दूर करू. व्हीटीपी म्हणजे व्हीलॅन ट्रंकिंग प्रोटोकॉल. नावात ट्रंकिंग असलं तरी ते ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅनची वाहतूक एकत्र नेणारी दोन स्विचमधली जोडणी, तयार करत नाही. ते फक्त व्हीलॅनची यादी फिरवतं: क्रमांक, नाव आणि जुजबी तपशील. कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये आहे हे ते नेत नाही. कोअर, म्हणजे मध्यवर्ती, स्विचवरचे आयपी पत्ते, ॲक्सेस लिस्ट (कुणाला कुठे जाऊ द्यायचं याचे नियम), ट्रंकवर कोणते व्हीलॅन सोडायचे याची यादी, यातलं काहीच नेत नाही. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर सीसीटीव्हीसाठी नवा व्हीलॅन हवा असेल, तर व्हीटीपी असूनही त्या स्विचवर जाऊन कॅमेऱ्यांचे पोर्ट त्यात टाकावेच लागतात, आणि वाटेतल्या ट्रंकवर तो सोडावाच लागतो. कामातला वाचतो तो भाग दोन ओळींचा, व्हीलॅनचा क्रमांक आणि नाव. त्या दोन ओळींसाठी आपण कोणता धोका पत्करतो आहोत, हे तोलून बघायला हवं.

आता यंत्रणा. स्विच चार मोडपैकी एकात असतो. सर्व्हर मोडमध्ये व्हीलॅन बनवता, बदलता, काढता येतात. क्लायंटवर स्वतःहून काही बनवता येत नाही, तो आलेली यादी घेतो. ट्रान्सपरंट मोडमधला स्विच स्वतःची यादी स्वतः सांभाळतो, पण आलेली सूचना दुसऱ्या ट्रंकमधून पुढे सोडतो. ऑफ मोडमधला स्विच पुढेही सोडत नाही. खोक्यातून काढलेला २९६० सर्व्हर मोडमध्ये असतो, त्याचं डोमेन नाव (एकच यादी वापरणाऱ्या स्विचच्या गटाचं नाव) रिकामं असतं, आणि व्हीटीपीची आवृत्ती १ चालू असते. रिकाम्या नावाच्या स्विचला ट्रंकवरून ज्या डोमेनची पहिली सूचना येते, तेच नाव तो घेतो. नाव जास्तीत जास्त ३२ अक्षरांचं असतं, आणि लहान-मोठ्या लिपीतला फरक तिथे मोजला जातो.

डोमेनमधले स्विच ०१-००-०सी-सीसी-सीसी-सीसी या मल्टिकास्ट, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी ऐकायच्या, पत्त्यावर एकमेकांशी बोलतात, तेही फक्त ट्रंक पोर्टवरून. दर ३०० सेकंदांनी, आणि काही बदललं की लगेच, समरी ॲडव्हर्टाइजमेंट निघते. तिच्यात डोमेनचं नाव, शेवटचा बदल करणाऱ्याचा आयपी पत्ता, त्या बदलाची वेळ, एमडी५ बेरीज (मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) आणि एक रिव्हिजन नंबर असतो. हा नंबर शून्यापासून सुरू होतो आणि यादीत बदल केला की वाढतो. स्विचला आपल्याकडच्यापेक्षा मोठा नंबर दिसला की तो पूर्ण यादी मागून घेतो आणि आपली जुनी पुसून टाकतो.

इथेच थांबून विचार करा. आवृत्ती १ आणि २ मध्ये खरेपणाची कसोटी काय आहे? मोठा आकडा. कुणी लिहिलं, कुठल्या स्विचने पाठवलं, यादीत पंचवीस व्हीलॅन आहेत की चार, हे कुणी विचारत नाही. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या संकुलाचा विचार करा. सात इमारती, प्रत्येकीच्या गेटवर रहिवाशांची यादी. नियम असा की ज्या यादीवरचा क्रमांक मोठा ती खरी, बाकीच्यांनी आपली फाडून तिची नक्कल करायची. एक दिवस एक वॉचमन जुन्या कपाटातून वेगळ्याच कामासाठी केलेली यादी घेऊन आला, तिच्यावर क्रमांक २१२. सकाळपर्यंत सातही गेटवर तीच यादी लागलेली, आणि खरे रहिवासी बाहेर उभे.

पासवर्ड लावला तर? लावायलाच हवा, पण तो काय करतो ते नीट समजून घ्या. पासवर्ड एमडी५ बेरजेत मिसळला जातो, त्यामुळे ज्याच्याकडे तो नाही त्याची सूचना नाकारली जाते. सूचनेचा मजकूर मात्र उघडाच राहतो. आणि तुमच्याच नेटवर्कमधून काढून ठेवलेल्या जुन्या स्विचकडे तोच पासवर्ड असतो. माझ्या अनुभवात गडबड जवळजवळ नेहमी घरच्याच स्विचने केलेली असते.

आता तो प्रसंग. महापे एमआयडीसीतली एक कंपनी, तीन मजली इमारत, चोवीस स्विच, छत्तीस व्हीलॅन. नेटवर्कची देखभाल आमच्याकडे होती. जुलैचा शनिवार, संध्याकाळी साडेसात. दुपारच्या पावसात वीज दोन-तीनदा गेली-आली आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक स्विच बसला. तिथल्या तरुण इंजिनिअरने प्रशिक्षणासाठी ठेवलेला जुना स्विच उचलला, नियमाप्रमाणे ‘राइट इरेज’ दिलं, रीस्टार्ट केला, बंद पडलेल्या स्विचचं बॅकअपमधलं कन्फिगरेशन त्यावर टाकलं, मोड क्लायंट आहे ना तेही पाहिलं, आणि अपलिंकची, म्हणजे बाकीच्या नेटवर्ककडे जाणारी, पॅचकॉर्ड लावली. त्याने कुठेच हयगय केली नव्हती. काही सेकंदांत तिन्ही मजल्यांवरच्या रॅकमधले हिरवे दिवे एकामागून एक पिवळे झाले.

मला फोन आला तेव्हा मी ठाण्यात घरी होते. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं होतं, म्हणून मुलुंडकडून ऐरोली पुलावरून गेले. पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात तिथल्या लोकांनी नवा स्विच काढून टाकला होता. त्यांना वाटलं की कारण काढलं म्हणजे परिणाम जाईल. पण यादी तोवर सगळ्या स्विचनी घेतलेली होती, तिला आता मूळ स्विचची गरजच नव्हती. आणखी घोळ म्हणजे अकाउंट्सची माणसं व्यवस्थित काम करत होती. त्यामुळे अर्धा वेळ सगळे डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा) आणि केबल तपासत बसले होते.

कन्सोल केबल कोअरला लावून ‘शो व्हीटीपी स्टेटस’ दिलं. रिव्हिजन नंबर २१२. अस्तित्वात असलेले व्हीलॅन ९. त्या ९ पैकी ५ तर जन्मजात असतात, १ आणि १००२ ते १००५. म्हणजे छत्तीसऐवजी फक्त चार उरले होते. खाली शेवटच्या बदलाची ओळ होती: पत्ता प्रशिक्षणाच्या रॅकमधला, आणि तारीख ३-९-९३. ज्या स्विचचं घड्याळ कुणी लावलेलं नसतं तो चालू झाला की १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतो. ९ मार्च १९९३ ही तारीख पाहिली आणि कळलं की ही यादी घड्याळ न लावलेल्या, टेबलावर प्रयोगासाठी ठेवलेल्या स्विचवर, तो सुरू झाल्यानंतर नवव्या दिवशी बदललेली आहे.

झालं होतं ते असं. प्रशिक्षणाचा रॅक उभा करताना चालू नेटवर्कचंच कन्फिगरेशन उतरवलं होतं, म्हणून डोमेनचं नाव तेच. पासवर्ड कुठेच नव्हता. प्रशिक्षणार्थी रोज व्हीलॅन बनवायचे आणि काढायचे, त्यामुळे तिथला नंबर २१२ वर गेला. चालू नेटवर्कचा ६४ च्या आसपास होता. ‘राइट इरेज’ने स्टार्टअप कन्फिगरेशन पुसलं जातं, पण व्हीलॅनची यादी, डोमेन आणि रिव्हिजन नंबर फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन.डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये असतात. ती फाइल जशीच्या तशी राहिली. क्लायंट मोडमुळेही काही वाचलं नाही. क्लायंट यादी बनवू शकत नसला, तरी स्वतःकडची यादी सांगतो, आणि तिचा नंबर मोठा असेल तर सर्व्हरसुद्धा ती मुकाट्याने घेतो. हा मुद्दा मी मुलाखतींत दहा जणांना विचारते, त्यातले सात-आठ जण क्लायंट निरुपद्रवी असतो असंच सांगतात. आणि अकाउंट्स का चालू होतं? त्यांचा व्हीलॅन १० होता, आणि प्रशिक्षणाच्या यादीतही योगायोगाने १० होता.

खरा घाम फुटला तो पुढे. रोज रात्री चोवीसही स्विचच्या रनिंग कन्फिगरेशनचा बॅकअप निघत होता. आम्ही निश्चिंत होतो. फाइल उघडली तर तिच्यात व्हीलॅनच नाहीत! सर्व्हर आणि क्लायंट मोडमध्ये व्हीलॅनची व्याख्या रनिंग कन्फिगरेशनमध्ये दिसतच नाही, ती फक्त ‘व्हीलॅन.डॅट’मध्ये असते, आणि त्या फाइलचा बॅकअप कुणीच घेत नव्हतं. वर्षभराचे बॅकअप होते, आणि हवी ती एक यादी त्यात नव्हती.

मग उलट्या बाजूने यादी जुळवली. व्हीलॅन नाहीसा झाला तरी पोर्टवरची ‘स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०’ ही ओळ जागेवर राहते. पोर्ट फक्त निष्क्रिय होतो. चोवीस फाइलींमधून या ओळींतले आकडे वेगळे काढले, टेलिफोनच्या व्हॉइस व्हीलॅनचे काढले, कोअरवर ज्या व्हीलॅनना आयपी पत्ते होते त्यांचे काढले, आणि एकत्र केले. नावं वर्णनाच्या ओळींवरून लावली. कोअरवर ते व्हीलॅन पुन्हा बनवताच नंबर २१२ च्या पुढे गेला आणि सगळ्या स्विचनी ती यादी घेतली. कुठलाही पोर्ट हाताने सुरू करावा लागला नाही. रात्री पावणेअकराला दिवे हिरवे झाले. तरी एक व्हीलॅन सुटलाच. पाहुण्यांच्या वाय-फायचा व्हीलॅन फक्त ट्रंकवरून थेट फायरवॉलला जायचा. त्याला ना ॲक्सेस पोर्ट होता, ना कोअरवर पत्ता. तो सोमवारी सकाळी तक्रार आल्यावर सापडला.

त्या रात्रीनंतर मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला एक सवय लावली आहे. कोणताही स्विच, नवा असो, दुसऱ्या मजल्यावरून आणलेला असो की दुरुस्तीहून परत आलेला, अपलिंक लावण्याआधी कन्सोलवर घ्यायचा. ‘राइट इरेज’, मग ‘डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट’, मग रीस्टार्ट. चालू झाल्यावर ‘शो व्हीटीपी स्टेटस’मध्ये रिव्हिजन शून्य आणि डोमेन रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहायचं. फाइल काढायची नसेल तर मोड ट्रान्सपरंट करून परत आणला, किंवा डोमेनचं नाव बदलून पुन्हा पूर्ववत केलं, तरी नंबर शून्यावर येतो. सर्व्हरचा क्लायंट केला तर येत नाही.

कुणी म्हणेल की आम्ही ट्रंकवरून व्हीलॅन १ काढून टाकतो, मग व्हीटीपी जाणारच नाही. तसं होत नाही. अलाउड यादीतून व्हीलॅन १ काढला की त्यावरची वापरकर्त्यांची वाहतूक थांबते; सीडीपी (शेजारची सिस्को साधनं ओळखणारा प्रोटोकॉल), व्हीटीपी यांसारख्या नियंत्रणाच्या सूचना चालूच राहतात. मध्ये एक ट्रान्सपरंट स्विच असला की पलीकडचे सुरक्षित, हाही असाच समज. तो स्वतः वाचतो, सूचना पुढे सोडतो. खरी अडवणूक होते ती जिथे ट्रंकच नाही तिथे, म्हणजे लिंक लेअर-३, म्हणजे राउटिंगची, केली तर, किंवा स्विच ऑफ मोडमध्ये असेल तर.

आता आवृत्ती ३ बद्दल, कारण ती वर सांगितलेल्या मूळ दोषावरचं खरं उत्तर आहे आणि तिच्याकडे लोक उगाच संशयाने पाहतात. आवृत्ती ३ मध्ये यादीला मालक असतो. एका वेळी एकच प्रायमरी सर्व्हर, आणि व्हीलॅन बनवण्याचा, काढण्याचा हक्क फक्त त्याला. बाकीचे सर्व्हर यादी जपून ठेवतात, बदलायला गेलात तर नाही म्हणतात. प्रायमरी व्हायला ‘व्हीटीपी प्रायमरी’ ही आज्ञा माणसाने मुद्दाम द्यावी लागते, स्विच आधी विरोधात जाणारे शेजारी तपासतो आणि मग पुढे जायचं का असं विचारतो. हा दर्जा रीस्टार्टनंतर टिकत नाही, आणि ते चांगलंच आहे. कपाटातून आलेला स्विच नंबर कितीही मोठा घेऊन आला तरी त्याच्या यादीचा मालक वेगळा असेल तर त्याची यादी कुणी घेत नाही. पासवर्ड हिडन करून ठेवला तर कन्फिगरेशनमध्ये फक्त त्याचं रूपांतर दिसतं, आणि प्रायमरी होणाऱ्याला मूळ शब्द टंकावा लागतो. शिवाय पहिल्या दोन आवृत्त्या व्हीलॅन १ ते १००५ एवढंच फिरवतात, तिसरी ४०९४ पर्यंत जाते आणि एमएसटीचं (लूप टाळणाऱ्या स्पॅनिंग ट्रीच्या एका प्रकाराचं) कन्फिगरेशनही नेते. ती प्रत्येक पोर्टवर स्वतंत्रपणे बंदही करता येते.

ती लावताना दोन गोष्टी आडव्या येतात. आवृत्ती २ एका सर्व्हरवर चालू केली की डोमेनभर जाते. तिसरी प्रत्येक स्विचवर हाताने चालू करावी लागते, आणि त्याआधी डोमेनला नाव दिलेलं असावं लागतं. दुसरं म्हणजे जुन्या २९६० वरची आयओएस, म्हणजे सिस्कोच्या स्विचची कार्यप्रणाली. १२.२ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तिसरी आवृत्ती नाही, आधी अपग्रेड करावं लागेल. शंभरच्या वर स्विच असलेलं, एकाच कंपनीच्या साधनांचं, दर आठवड्याला व्हीलॅन बदलणारं महाविद्यालय किंवा रुग्णालय असेल, तर मी आज बिनदिक्कत आवृत्ती ३ लावेन.

वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकत्र असतील तर व्हीटीपीचा प्रश्नच उरत नाही, कारण ते सिस्कोचं स्वतःचं आहे. तिथे आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एमव्हीआरपी येतं, २००७ च्या ८०२.१एके मधलं. जुन्या जीव्हीआरपीची जागा त्याने घेतली. त्याचा विचारच वेगळा आहे: मध्यवर्ती यादी नाही, प्रत्येक स्विच शेजाऱ्याला सांगतो की माझ्याकडे अमुक व्हीलॅनची गरज आहे, आणि ट्रंकवर तेवढाच तो उघडतो. गरज संपली की मागे घेतो. आभासी सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात अशा ठिकाणी हे फार उपयोगी पडतं. तुमच्याकडे सगळंच सिस्कोचं आहे, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

तर तुमचे सतरा स्विच. चौदा व्हीलॅन, आणि तुमच्याच सांगण्यानुसार वर्षाला तीन-चार नवे. वर्षातून चार वेळा दोन ओळी वाचवण्यासाठी सगळ्या नेटवर्कची यादी एका आकड्यावर टांगावी असं मला वाटत नाही. सतराही स्विच ट्रान्सपरंट करा. चालू नेटवर्कवर हे करता येतं. मोड बदलताना असलेले व्हीलॅन जात नाहीत. उलट लगेच फायदा दिसतो, कारण ट्रान्सपरंटमध्ये व्हीलॅन रनिंग कन्फिगरेशनमध्ये येतात, म्हणजे तुमचा रात्रीचा बॅकअप पहिल्यांदा पूर्ण होतो. प्रत्येक स्विचवर ‘राइट मेमरी’ विसरू नका.

त्याआधी सगळे ट्रंक पक्के करा. डीटीपीवर, म्हणजे आपोआप ठरणाऱ्या ट्रंकवर, विसंबलेले पोर्ट असतील तर डोमेनच्या नावात फरक पडताच वाटाघाटी फसते आणि ट्रंक पडतो. लॉगमध्ये डोमेन जुळत नसल्याची ओळ येते, पण ती बघायला लॉगिन करावं लागतं, आणि लॉगिनची वाट त्या ट्रंकमधूनच असते. म्हणून दोन्ही टोकांना ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ आणि ‘स्विचपोर्ट नोनेगोशिएट’. टेबलाखालच्या पोर्टना ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’. कुणी बाहेरून स्विच आणून भिंतीतल्या पोर्टला लावला तरी तिथे ट्रंक उभा राहायला नको.

राहिला प्रश्न सतरा ठिकाणी लिहिण्याचा. तो खरा त्रास आहे, तुमची तक्रार रास्त आहे. एका साध्या यामल फाइलमध्ये (माणसाला वाचता येईल अशी मजकुराची फाइल) व्हीलॅनची यादी ठेवा: क्रमांक, नाव, कुठल्या जागेत हवा. ती फाइल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, म्हणजे कुणी कधी काय बदललं ते राहतं. आणि एन्सिबलने, म्हणजे अनेक यंत्रांवर एकदम कन्फिगरेशन लावणाऱ्या साधनाने, ती सतराही स्विचवर लावा. एन्सिबलच्या सिस्को आयओएससाठीच्या व्हीलॅन मॉड्यूलमध्ये ‘मर्ज्ड’ आणि ‘ओव्हररिडन’ अशा अवस्था आहेत. मर्ज्ड फक्त भर घालते. ओव्हररिडन यादीत नसलेले व्हीलॅन काढून टाकते. अर्धवट फाइल आणि ओव्हररिडन एकत्र आले की महाप्याची ती रात्र तुम्ही स्वतःच्या हाताने घडवाल, आणि तिथे रिव्हिजन नंबरसुद्धा लागणार नाही. मर्ज्डच वापरा. काढायचा व्हीलॅन वेगळ्या प्रयत्नात, दुसऱ्या माणसाने फाइल पाहिल्यावर. आधी चेक मोडमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता, चालवून काय बदलणार आहे ते वाचा.

स्क्रिप्टमध्ये ट्रंकची यादीही येईल, तेव्हा एक ओळ काळजीपूर्वक लिहा. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ६०’. त्यातला ‘ॲड’ राहिला तर ६० ची भर पडत नाही, ट्रंकवर फक्त ६० उरतो आणि बाकीचे सगळे बंद होतात. व्हीटीपीने पाडलेली नेटवर्कं मी दोन पाहिली. या एका शब्दाने पाडलेली किती पाहिली ते मोजणं मी सोडून दिलं आहे.

रबाळ्याच्या लिंकबद्दल वेगळं सांगते, कारण तुम्ही ते ओघात लिहिलं आहे आणि मला ते सगळ्यात जास्त खुपतं. वागळे इस्टेट आणि रबाळे यांच्यामध्ये सगळे चौदा व्हीलॅन ट्रंकने जात असतील, तर एका जागची चूक, मग ती व्हीटीपीची असो, लूपची असो की ब्रॉडकास्टची, खाडी ओलांडून दुसरीकडे जाते. कारखान्यातल्या यंत्रांना ठाण्याच्या कार्यालयाचा पाहुण्यांचा व्हीलॅन कशाला हवा? दोन्हीकडे कोअरवर राउटिंग करा, लिंकला एक छोटा स्वतंत्र सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) द्या. कारखान्यातलं एखादं जुनं यंत्र लेअर-२ शिवाय चालत नसेल, तर तेवढा एकच व्हीलॅन वेगळ्या मार्गाने न्या आणि बाकीचे तोडा.

सुरुवात आज करता येईल अशी एकच गोष्ट सांगते, तिला मेंटेनन्सची वेळही लागत नाही. सतराही स्विचवर ‘शो व्हीटीपी स्टेटस’ आणि ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ चालवा आणि निकाल एका फाइलमध्ये उतरवा. डोमेनचं नाव सगळीकडे तेच आहे का, कुठला स्विच अजून सर्व्हर आहे, कुणाचा नंबर किती, शेवटचा बदल कुठल्या पत्त्यावरून झाला. मग कपाटातले सुटे स्विच काढा आणि त्यांचंही पाहा. तुमच्या कोअरच्या नंबरपेक्षा मोठा नंबर असलेला एखादा स्विच तिथे सापडला, तर त्यावर आत्ताच चिठ्ठी चिकटवा आणि ‘व्हीलॅन.डॅट’ काढल्याशिवाय तो कपाटाबाहेर येऊ देऊ नका.